उजव्या वाटेवरची फांदी

ही हकीकत सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कुणी विचारलं तर विषय बदलला. कुणी त्या डोंगराचा फोटो पाठवला तर मोबाइल उलटा करून ठेवला. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात अजूनही अधूनमधून त्या दिवसाची गोष्ट निघते आणि दर वेळी ती चुकीची सांगितली जाते. मी तिथंच असतो. चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त काढून खाली वाकतो आणि गोष्ट संपेपर्यंत वाकूनच राहतो. ती चुकीची गोष्ट मीच तयार केलेली आहे. तेव्हा दुरुस्त करायचं कामही माझंच. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठलो. एकदा उगाच गॅलरीत जाऊन आलो, एकदा पाण्याचा माठ भरलेला असताना भरायला गेलो. आता उठत नाही.

जळगावात मेहरूण तलावाच्या कडेनं रोज सकाळी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींचा आमचा एक गट होता. म्हणजे आहे अजून, पण तेव्हाचा तो नाही. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलो. आयुष्य कालव्यांच्या आखणीत गेलं, त्यामुळे जमिनीचा उतार आपल्याला नुसत्या नजरेनं कळतो असा माझा समज होता, आणि तो मी लोकांना ऐकवतही असे. सगळे मला नाना म्हणत.

गटाचे पुढारी म्हणजे आबा. फैजपूरचे केळीवाले शेतकरी. शेती मुलांच्या ताब्यात देऊन नातवंडांच्या शाळेसाठी जळगावात राहायला आलेले, पण जीव सगळा सातपुड्याच्या पायथ्याशी अडकलेला. अक्का सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी समोरच्याची नाडी बघितल्यासारखं बोलत. आणि शेठ. शेठचं कापडाचं दुकान होतं. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं. दोन मुलं, धाकटा जळगावात दुकानावर, मोठा धुळ्यात व्यापारात. शेठ स्वतः रोज सकाळी तलावावर आणि मग दिवसभर दुकानाच्या गादीवर. आणखीही चार-पाच जण होते, पण या हकीकतीत त्यांचं फारसं काम नाही.

शेठ हळू चालत, कारण ते खाली बघून चालत. पायाखाली काही जिवंत येऊ नये म्हणून. आम्ही त्यांची थट्टा करायचो.

"काय शेठ, मुंग्यांना विचारून पाऊल टाकता का?" मी म्हणायचो.

"विचारतो ना. त्या म्हणतात, पुढे तो नाना गेला, त्यानं काही विचारलं नाही."

असं चालायचं. माझी चाल वेगाची होती आणि मला तिचा अभिमान होता. तलावाच्या फेरीत मी सगळ्यांच्या पुढं असायचो आणि बाकावर बसून मागून येणाऱ्यांची वाट बघायचो. वाट बघत बसण्यात जो एक मोठेपणा असतो, तो मला फार आवडायचा.

आबांच्या शेतातून सातपुड्यातला एक उंच सुळका दिसतो. वर शेंदूर लावलेला एक दगड आहे. पायथ्याचे लोक त्याला नुसतं 'वरचा देव' म्हणतात. आबा एका हिवाळ्यात मागेच लागले, की एकदा सगळ्यांनी वर जाऊन यायचं. सकाळी निघायचं, दुपारी वर जेवायचं, उजेडात खाली. थंडी ओसरायला लागली होती, पळस फुलला होता. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी डोकं तापतं. अक्का म्हणाल्या, "उशीर करताय. आता ऊन चढायला लागलं." पण ठरलं ते ठरलं.

भाड्याच्या जीपमधून आम्ही पायथ्याच्या वस्तीपर्यंत गेलो. डोंगर जवळून बघितल्यावर शेठ गाडीतून उतरलेच नाहीत.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "मी इथं बसतो. डबे राखतो."

"डबे वर न्यायचेत शेठ."

"मग गाडी राखतो."

सगळे हसले. तिथंच राहू द्यायला हवं होतं त्यांना. पण मी म्हणालो, "शेठची गादी इथं आणायला हवी होती. गादीवर बसवून वर नेलं असतं." हेही हसण्यावारी गेलं, पण शेठच्या तोंडावर काहीतरी आलं. ते उतरले. टोपी घातली, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी अडकवली. पाणी घरून उकळून आणलेलं होतं. ते दुसरं पाणी पीत नसत.

"मागे राहिलो तर थांबाल ना, नाना?"

"थांबू की. बाकाची तेवढी सोय नाही वर."

निघण्याआधी आबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"हे पाहा भो, वर फोन लागत नाही आन् पाट्याबिट्या काही नाही. इथल्या गुराख्यायची जी रीत हाये तीच आपली. जिथं दोन वाटा फुटतीन, तिथं पुढच्यानं नको त्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकायची. मागच्यानं फांदी पाह्यली का दुसरी वाट धरायची. आन् ज्यानं टाकली त्यानंच उचलायची, दुसऱ्यानं तिले हात नाही लावायचा. नाहीतर अर्धे इकडं आन् अर्धे तिकडं."

"आणि बकरीनं फांदी खाल्ली तर?" शेठनी विचारलं.

"तर बकरीले पुढं घालून चालायचं. तिले वाट माहीत असते."

पुढं कोण, यावर चर्चा झाली नाही. मी चालायला लागलोच होतो.

सुरुवातीची वाट सोपी होती. सागाची पानं गळून गुडघ्याएवढाल्या राशी झाल्या होत्या, आणि त्यातून चालताना इतका आवाज व्हायचा की मागच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग चढ लागला. मुरूम पायाखालून सरकायचा, धरायला काही नाही, आणि ऊन पाठीवर. आबा आणि अक्का थोडं अंतर ठेवून माझ्या मागं येत होते, बाकीचे त्यांच्या मागं. शेठ सगळ्यात शेवटी. वळणावरून मागं बघितलं की त्यांची पांढरी टोपी दिसायची. मग ती दिसेनाशी झाली. थांबायचं कबूल केलं होतं, ते मला आठवतही होतं. पण दम लागला नव्हता तोवर थांबायची लाज वाटत होती, आणि दम लागल्यावर तो दिसू नये म्हणून थांबलो नाही.

अर्ध्याच्या वर गेल्यावर वाट फुटली. उजवी वाट सरळ चढावर अंगावर येत होती. डावी डोंगराच्या कडेनं सावकाश वर जाताना दिसत होती. मी क्षणभर उतार पाहिला आणि मनाशी म्हटलं, डावी. अशा डोंगरात कडेची वाटच माथ्याला जाते. मी अंजनाची एक हिरवी फांदी मोडली, उजव्या वाटेवर आडवी टाकली आणि डावीकडे निघालो. आबा, अक्का आणि बाकीचे माझ्या मागोमाग आले.

डावी वाट काही वेळ छान चालली आणि मग एका घळीच्या तोंडाशी संपली. समोर खोल कपार, तळाशी मोठमोठे धोंडे, पलीकडे सरळ कडा. गुरं कधीतरी पाण्याला तिथवर येत असतील, तेवढीच ती वाट.

"काय नाना," आबा म्हणाले, "इथं कालवा काढायचा होता का?"

अक्कांना हसू आवरेना. मीही हसलो. हसणं भागच होतं.

परत मागं फाट्यापर्यंत उतरायला कुणी तयार नव्हतं. आबांनी वर बघितलं आणि म्हणाले, इथून आडवं चढलं की उजव्या वाटेलाच लागतो आपण. तसं आम्ही झुडपं धरत, ढोपरांवर चढत उजव्या वाटेला लागलो. अवघड होतं, पण जमलं. वर वाटेवर सगळे धापा टाकत बसले तेव्हा आबांनाच आठवलं.

"नाना, फांदी?"

खाली फाट्यावर फांदी उजव्या वाटेवर होती. म्हणजे शेठ येतील तेव्हा ते डावीकडे वळतील आणि घळीवर जातील.

"मी बदलून येतो," मी म्हणालो. "मीच टाकली ना."

"जाऊ का मी?" आबा म्हणाले.

"ज्यानं टाकली त्यानंच उचलायची," मी म्हणालो, आणि थट्टेत म्हणालो म्हणून पुन्हा सगळे हसले.

मी उतरायला लागलो. फाटा फार लांब नव्हता. पण आत्ताच्या त्या आडव्या चढानं माझ्या छातीत धडधडत होतं आणि पायांना कंप सुटला होता. वरून हसण्याचे आवाज येत होते. कालव्याचंच काहीतरी चाललं असावं असं मला वाटलं. एका वळणावर मी दगडावर बसलो. तिथून फाटा दिसत नव्हता. कान देऊन ऐकलं, पानांचा आवाज कुठं येत नव्हता. म्हणजे शेठ अजून बरेच खाली असतील. किंवा कंटाळून माघारी गाडीकडे गेले असतील. तसंच असेल, त्यांना यायचंच नव्हतं. असं सगळं मी त्या दगडावर बसून स्वतःला सांगितलं. श्वास जागेवर येईपर्यंत बसलो आणि उठून वर चढायला लागलो. फाट्यापर्यंत गेलोच नाही.

वर पोचल्यावर आबांनी नुसती भुवई उंचावली.

"झालं," मी म्हणालो.

एवढा एक शब्द.

पुढची चढण मला आठवत नाही. माथ्यावर वारा होता. शेंदूर लावलेल्या दगडापुढं आबांनी नारळ फोडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, आबांच्या मळ्यातली केळी असं सगळं मांडलं. शेठसाठी अक्कांनी खाकऱ्याचा डबा बाजूला ठेवला. वांगं त्यांना चालत नसे. खाली तापीच्या खोऱ्यात केळीचे मळे हिरव्या चादरीसारखे पसरले होते आणि सगळे आपापलं गाव शोधत होते. मी वाटेकडे तोंड करून बसलो होतो. भाकरी तुकडा तुकडा मोडून तशीच हातात होती.

"नाना, जेवा ना," अक्का म्हणाल्या. "चेहरा काय झालाय तुमचा. दम लागला का?"

"छे."

"शेठ आले नाहीत अजून."

"येतील. मुंग्यांची गर्दी असेल."

हे मीच म्हणालो. कुणी फारसं हसलं नाही. जेवणं झाली, केळीची सालं गोळा झाली, शेठ आले नाहीत. खाकऱ्याचा डबा तसाच. मला बसवेना. मी उठून माथ्याच्या कडेला जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. शेवटी मी म्हणालो, "मी पुढं होऊन बघतो. तुम्ही आवरून या."

अक्का म्हणाल्या, "सगळेच जाऊ." पण मी थांबलो नाही. त्या म्हाताऱ्या पायांनी मी जवळजवळ पळत उतरलो. दोनदा घसरलो, तळहात सोलले.

फांदी होती तिथंच होती, उजव्या वाटेवर आडवी. पानं थोडी मलूल झालेली. डाव्या वाटेवरची वाळकी पानं आमच्याच पायांनी आधी विस्कटलेली होती, त्यामुळे कुणी नंतर गेलं की नाही ते कळत नव्हतं. पण मला कळलं होतं. शेठ डावीकडेच गेले असणार. फांदी दिसली असताना ते दुसरं काही करूच शकले नसते.

तिथं उभं राहून मी आधी हाक मारायला हवी होती. मी आधी फांदी उचलली. उचलली आणि डाव्या वाटेवर नेऊन आडवी टाकली, सकाळी टाकायला हवी होती तशी. मग हात झटकले. आणि मग हाक मारली, "शेठ!" उत्तर आलं नाही.

तेवढ्यात वरून आबा आले. त्यांनी फांदी पाहिली. डाव्या वाटेवर.

"एकदा डावीकडं बघू का?" मी म्हणालो.

"तिकडं काहून जाईन तो?" आबा म्हणाले. "फांदी हाये ना आडवी. शेठ तर मुंगी आडवी आली तरी थांबनारा मानूस. तो गेला खाली गाडीवर. मले माहीतच होतं."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. अजून काही बिघडलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं, की आबा, फांदी मी आत्ता हलवली. मी आबांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "हो, गाडीवरच असतील."

आम्ही सगळे खाली गेलो. गाडीपाशी शेठ नव्हते. ड्रायव्हर झोपला होता. वस्तीतल्या लोकांना विचारलं, कुणी टोपीवाला उतरताना पाहिला नव्हता. मग मात्र आबांचा आवाज बदलला. वस्तीतल्या माणसांना घेऊन ते परत वर निघाले. या वेळी मी म्हणालो, "डावीकडे. घळीत बघा आधी," आणि इतक्या जोरात म्हणालो की अक्कांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मीही मागोमाग गेलो. पाय चालत नव्हते तरी गेलो.

शेठ घळीत होते. काठावर वाट संपल्यावर आम्ही खालीच उतरलो असणार असं त्यांना वाटलं. आम्ही आडवे चढलो होतो, त्याची खूण त्यांना दिसली नाही. ते उतरायला गेले आणि घसरले. मांडीचं हाड मोडलं होतं. पाणी केव्हाच संपलं होतं. दोन धोंड्यांच्या मध्ये टोपी तोंडावर घेऊन पडले होते. वस्तीतल्या एकानं झऱ्याचं पाणी आणलं, त्यांनी मान फिरवली. अक्का ओरडल्या, "शेठ, पाप मला लागेल, प्या," तेव्हा प्यायले.

मला बघून ते म्हणाले, "नाना, तुम्ही सापडलात."

ते स्वतः हरवले नव्हते, आम्ही हरवलो होतो, अशीच त्यांची समजूत होती. आणि ती बरोबर होती. चादर बांबूला बांधून झोळी केली आणि वस्तीतल्या माणसांनी त्यांना खाली आणलं. झोळी हलली की ते विव्हळायचे आणि लगेच उचलणाऱ्यांना म्हणायचे, "तुम्हाला त्रास झाला."

दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. दोन-चार दिवसांनी आम्ही भेटायला गेलो तेव्हा जळगावचा मुलगा उशाशी होता.

"बाबूजी, तुम्ही तिकडे गेलातच कसे?" तो विचारत होता. आधीही बऱ्याचदा विचारलं असावं.

"फांदी उजवीकडे होती," शेठ म्हणाले. "मी नीट बघितलं. उजवीकडे आडवी होती, म्हणून मी डावीकडे गेलो."

आबा हळूच म्हणाले, "नाही शेठ. मी माझ्या डोळ्यानं पाह्यली. डावीकडं होती. नानांनी मुद्दाम खाली जाऊन बदलली होती."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "काका?"

शेठनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत शंका नव्हती. आता नाना सांगतील, असंच होतं.

"डावीकडेच होती," मी म्हणालो.

मुलानं वडिलांच्या पांघरुणावरून हात फिरवला. बाहेर आल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुम्हाला म्हणून सांगतो. अलीकडे बाबूजींचं असं व्हायला लागलंय. चष्मा दुकानात विसरतात, नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही. पण हे जरा जास्तच. समोरची फांदी उलट दिसायची म्हणजे..."

चष्मा मीही विसरतो. नावं मलाही आठवत नाहीत. हे मी त्याला सांगितलं नाही.

पुढचं सगळं त्या एका फांदीवरून झालं. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे थोडंफार असतं, लक्ष ठेवा. घरच्यांनी लक्ष ठेवलं. प्रेमानंच ठेवलं, मी त्यांना दोष देत नाही. शेठची स्कूटर विकली. दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याकडून घेतल्या. काठी घेऊन चालता यायला लागल्यावर ते गादीवर जाऊन बसायचे, पण गिऱ्हाइकाशी ते काही बोलले की मुलगा मागून तेच पुन्हा बोलून खातरी करायचा. शेठनी तिथं जाणं सोडलं. सुरुवातीला ते फांदीवरून वाद घालायचे. जो भेटेल त्याला सांगायचे. जितकं सांगायचे तितकं लोकांना वाटायचं, की खरंच काही राहिलेलं नाही बिचाऱ्याचं. मंडळात हीच गोष्ट झाली. इतका जपून चालणारा माणूस, फांदी समोर असून तिकडे गेला, म्हणजे डोकंच फिरलं असणार. तलावावर त्यांना एकट्यानं येऊ द्यायचे नाहीत, मग येणंच बंद झालं. शेवटी मोठ्या मुलानं त्यांना धुळ्याला नेलं.

मी गप्प राहिलो. पहिले काही दिवस भीती होती. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हा प्रश्न येईल. मग तोच प्रश्न महिन्यागणिक मोठा होत गेला.

शेठचा फोन वर्षातून एकदा मात्र नक्की यायचा. भाद्रपदात पर्युषण संपलं, संवत्सरी झाली, की जैन माणसं सगळ्या ओळखीपाळखीच्यांची क्षमा मागतात. शेठ यादी न करता एकेकाला फोन करायचे. "नाना, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात बोलण्यातून, वागण्यातून तुमचं मन दुखावलं असेल, कळत किंवा नकळत, तर क्षमा करा." त्यावर तेच शब्द परत म्हणायचे असतात. मी म्हणायचो. दिवाळीच्या शुभेच्छा म्हणाव्यात तसे म्हणायचो, आणि फोन ठेवल्यावर घरात इकडून तिकडे फेऱ्या मारायचो.

एका वर्षी फोन आला नाही. मी दोन-चार दिवस वाट पाहिली आणि धुळ्याची बस धरली. एरंडोल, पारोळा मागं पडलं. मी बसमध्ये वाक्य जुळवत होतो. कुठून सुरुवात करायची, आधी दगडावर बसलो ते सांगायचं की नंतर फांदी हलवली ते, मुलगा समोर असताना सांगायचं की एकट्याला. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा एकही वाक्य जुळलेलं नव्हतं.

"कथा जानं शे बाबा?" रिक्षावाल्यानं विचारलं. मी पत्ता सांगितला आणि त्यानं रिक्षा सुरू केल्यावर म्हणालो, "सावकाश चल."

शेठ बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, ती सुनेनं काढली आणि मी आत गेल्यावर पुन्हा लावल्याचा आवाज आला. शेठनी मला लगेच ओळखलं. आबांचं विचारलं, अक्कांच्या गुडघ्याचं विचारलं, तलावात पाणी किती आहे ते विचारलं. एकही गोष्ट चुकली नाही. त्या माणसाचं डोकं माझ्याइतकंच चालत होतं.

"शेठ," मी म्हणालो, "तो डोंगराचा दिवस..."

"बरं झालं तुम्हीच काढलंत," ते म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले. "मला यंदा फोन करू दिला नाही. म्हणतात, तुम्ही तेच तेच बोलता, लोकांना त्रास होतो. पण मला तुमच्याशी बोलायचंच होतं. नाना, मी डोळे मिटले की ती फांदी मला अजून उजवीकडे दिसते. अगदी स्पष्ट. पण तुम्ही पाहिली, आबांनी पाहिली. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील? तेव्हा माझंच डोकं चुकलं. मी सगळ्यांना खोटं पाडत फिरलो. तुम्हालासुद्धा. तुमचा सगळ्यांचा दिवस मी नासवला." त्यांनी दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, नाना."

बोलायची याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे मला त्याच क्षणी कळत होतं. सून चहा घेऊन दारात आली होती. मी हात जोडले आणि म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्, शेठ."

शब्द तोच होता. पण त्यांनी तो उत्तर म्हणून घेतला आणि मीही तो उत्तर म्हणूनच दिला. त्यांचा चेहरा सैल झाला. "चला, झालं," म्हणून ते चहाकडे वळले. मी चहा प्यायलो आणि संध्याकाळच्या आत जळगावला परत आलो.

त्यानंतर शेठ फार दिवस राहिले नाहीत. उठावण्याला, म्हणजे त्यांच्या शोकबैठकीला, मी गेलो, पांढऱ्या चादरीवर शेवटच्या रांगेत बसलो. धाकट्या मुलानं माझे हात धरले आणि म्हणाला, "काका, शेवटी शेवटी बाबूजींनी मान्य केलं होतं, की त्यांचंच चुकलं. मग ते शांत झाले." मी मान हलवली.

तो मुलगा हे वाचेल अशी माझी इच्छा आहे. आबांनी, अक्कांनी आणि त्या दिवशीच्या सगळ्यांनी वाचावं. त्यांना काय वाटेल याचा विचार मी आता थांबवला आहे. धुळ्याच्या त्या बाल्कनीत मला बोलायचं होतं ते फार नव्हतं, चहा गार व्हायच्या आत संपलं असतं. शेठ, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत, तुमचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. खोटं मी बोललो, आणि तुम्हाला घळीत पडू दिल्यावरही बोलत राहिलो. मला क्षमा करा.